बडोद्याच्या काळात प्रेमकथा बसवताना

ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहायला घेणाऱ्याने नायक-नायिकेआधी त्यांच्या आड येणारी गोष्ट ठरवावी, आणि ती शक्यतो घडलेल्या इतिहासातूनच उचलावी. बडोद्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांची कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता; १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांचे मन कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांकडे वळले, त्यांनी स्वतः पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले आणि १९१३ मध्ये लंडनला जितेंद्रांशी विवाह केला. सरदार माने यांच्या कन्या ताराबाई आणि दरबारातील गायक अब्दुल करीम खाँ यांना तर प्रेमापायी बडोदेच सोडावे लागले, आणि पुढे त्यांची मुलगी गायिका म्हणून गाजली ती हिराबाई बडोदेकर या नावाने!

अशा व्यक्तींना मात्र जसेच्या तसे पात्र करू नये. त्यांच्या आयुष्यातली गाठ घ्यावी आणि ती दुसऱ्या घरात नेऊन बघावी. दांडिया बाजारातल्या एखाद्या कारकुनाच्या मुलीने तसेच पत्र लिहिले, तर ते पोचवणार कोण आणि वाचणार कोण? सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लागू झाले. त्यामुळे १९११ सालच्या घरात आजीला अक्षरओळख नसेल, पण नऊ वर्षांचा धाकटा भाऊ हाती लागलेली चिठ्ठी चौकात उभा राहून खड्या आवाजात वाचून दाखवू शकतो. साल अचूक असले की प्रसंग असा आपोआप सुचतो.

माझ्या पहिल्या हस्तलिखितात १८८४ सालची नायिका लक्ष्मीविलास राजवाड्याच्या सज्जात उभी होती. राजवाडा पूर्ण झाला १८९० मध्ये, हे घरातल्याच एका वडीलधाऱ्या वाचकाने शांतपणे सांगितले. प्रसंग वाड्याच्या माजघरात हलवावा लागला, आणि खरे सांगायचे तर तिथेच तो जमला, कारण सज्जात तिला बघणारे कोणी नव्हते आणि माजघरात चार बायका होत्या.

पेहरावासाठी राजा रविवर्म्याच्या चित्रांवर विसंबू नये. त्यांतली नेसण सुंदर असली तरी ती देवदेवतांची आणि पौराणिक नायिकांची आहे. त्यापेक्षा तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे आणि जुन्या घरांतले कौटुंबिक फोटो निरखावेत. नऊवारीला खिसा नसतो, म्हणून चिठ्ठी कनवटीला जाते, आणि पाणी शेंदताना ती भिजते. दरांसाठी, रस्त्यांसाठी आणि खात्यांच्या नावांसाठी संस्थानचे १९२३ चे गॅझेटियर पुरते.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. बडोद्यातल्या मराठी घराचे शक गुढीपाडव्याला बदलते, तर मांडवीतल्या गुजराती पेढीवर दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे संवत लागते. म्हणजे १९११ च्या डिसेंबरात नायिका पत्रावर शके १८३३ घालील. तेच पत्र जपून ठेवणारा पेढीवाला आपल्या वहीत संवत १९६८ लिहील. आणि त्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या नोंदीवर मात्र १९६७ असेल, शके मात्र तेच. चाळीस वर्षांनी हे दोन्ही कागद नायिकेच्या नातीच्या हाती द्यायचे असतील, तर हा हिशेब पहिले प्रकरण लिहिण्याआधी भिंतीवर चिकटवून ठेवावा.