“काहीतरी चांगलं द्या ना” म्हणणाऱ्या वाचकाला कादंबरी कशी सुचवायची

पुस्तकांचं छोटं दुकान चालवत असाल तर हे वाक्य तुम्ही दिवसातून चार वेळा ऐकत असणार. आणि आपण काय करतो, तर परवाच वाचून भारावलेलो असतो ते पुस्तक उचलतो आणि समोर धरतो. मी हे कित्येक वर्षं केलंय म्हणून सांगतोय, नका करू. एकदा एका बाईंना मी अशी कादंबरी दिली जिच्यात पहिली ऐंशी पानं एक माणूस नुसता खिडकीत बसून जुनं आठवतोय, मला भाषेसाठी भयंकर आवडलेली, दहा मिनिटं हातवारे करकरून बोललो, त्यांनी घेतली पण. दोनेक महिन्यांनी परत आल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “आज माझं मीच बघते हं.”

तर, “तुम्हाला काय आवडतं?” हे विचारायचंच नाही. त्याला लोक तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देतात, भारदस्त नावं घेतात, आणि ती त्यांनी वाचलेली असतात असंही नाही. त्यापेक्षा विचारा, “शेवटचं कुठलं पुस्तक झपाट्याने संपवलंत?” आणि लगेच, “अर्धवट कुठलं टाकलंत?” हा दुसरा प्रश्न खरा कामाचा. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणूस “छान होतं” म्हणून थांबतो, पण वैतागलेला असला की अगदी नेमकं सांगतो. “किती ती नावं, कोण कुणाचा काका तेच कळेना” म्हणाला की तीन पिढ्यांच्या कादंबऱ्या बाजूला. “शेवटच केला नाही हो लेखकाने” म्हणाला की मोकळ्या शेवटाच्या सगळ्या बाद, आणि समकालीन साहित्यिक कादंबऱ्यांचं अर्धं शेल्फ तिथेच जातं, हसू नका, खरंच जातं.

नॅन्सी पर्ल म्हणून एक अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांनी एक सोपी कल्पना मांडलीये जी मला रोज उपयोगी पडते. पुस्तकात शिरायला चार दरवाजे असतात, गोष्ट, पात्रं, परिसर आणि भाषा. चारही प्रत्येक पुस्तकात असतात पण एखादाच मोठा असतो, बाकीचे खिडकीएवढे. आता गंमत अशी की साहित्यिक कादंबरीचा मोठा दरवाजा बहुतेक वेळा पात्रांचा नाहीतर भाषेचा असतो आणि समोरचा माणूस आलेला असतो गोष्टीच्या दरवाजाने, मग तो डोकं आपटून परत जातो आणि म्हणतो, असलं काही आपल्याला झेपत नाही. म्हणून मी पाच-सहा पायरीची पुस्तकं कायम काउंटरजवळ ठेवतो. म्हणजे लेखन कसदार, पण आत कुणीतरी बेपत्ता झालंय किंवा खटला चालू आहे किंवा घरात काहीतरी लपवलं जातंय. पहिल्या भेटीत यातलं द्यायचं. खिडकीत बसलेला माणूस चौथ्या-पाचव्या भेटीला.

आता पुस्तकाबद्दल बोलायचं किती? तीन वाक्यं, बास. सुरुवातीला काय घडतं ते, वाचताना कसं वाटतं ते, आणि कुणी घेऊ नये ते. म्हणजे असं, “एक बहीण दहा वर्षांनी घरी परत येते आणि ती गेली का होती यावर घरात कुणीच बोलत नाही. हळू चालते, पण रात्री खाली ठेववत नाही. मात्र सगळा खुलासा हवाच असेल तर चिडाल.” हे तिसरं वाक्य बोलायला सुरुवातीला जीव धजत नाही, विक्री जाईल असं वाटतं, पण माझा अनुभव उलटा आहे, ते ऐकल्यावरच लोक पहिल्या दोनांवर विश्वास ठेवतात. आणि “अंतर्मुख करणारी”, “वेगळ्या धाटणीची”, “तरल” हे शब्द मलपृष्ठावरच राहू द्या, त्यातून कुणालाही काहीही कळत नाही.

पुस्तकं दोनच काढा, फार तर तीन. सात काढलीत तर माणूस “विचार करून येतो” म्हणून जातो तो जातोच. पहिलं पान उघडून हातात द्यायचं आणि तिथून सरकायचं, उगाच एखादा गठ्ठा आवरायला. आपण डोक्यावर उभे असलो की कुणी वाचत नाही, वाचल्यासारखं करतात फक्त.

सगळंच वाचून होत नाही, उघड आहे. न वाचलेल्याबद्दल थाप मारू नका, “मी नाही वाचलंय, पण आमच्याकडच्या एकीला फार आवडलं” एवढं पुरतं. पर्लबाईंचाच पन्नास पानांचा नियम आहे, पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा, आणि वय पन्नासच्या वर असेल तर १०० मधून वय वजा करून उरतील तेवढीच. हा नियम घाबरलेल्या वाचकाला जरूर सांगा, खांदे एकदम सैल होतात.

“अनुवाद नको” आणि “कथा नकोत, कादंबरीच द्या” ही दोन वाक्यंही ठरलेली. वाद घालू नका, माहिती द्या. आंतरराष्ट्रीय बुकर २०१६ पासून दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला मिळतं आणि बक्षिसाचे ५०,००० पाऊंड लेखक-अनुवादकात निम्मे निम्मे वाटले जातात. २०२५ मध्ये ते कन्नडमधून अनुवादित कथासंग्रहाला मिळालं, कथासंग्रहाला पहिल्यांदाच. अर्थात पुरस्काराचा स्टिकर म्हणजे शिफारस नव्हे, तो फक्त हात पुस्तकाकडे नेतो, तीन वाक्यं तुम्हालाच बोलायची आहेत.

शेल्फवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा, तीस-चाळीस शब्द, खाली लिहिणाऱ्याचं नाव. प्रत्येक पुस्तकाला लावू नका, मग ते वॉलपेपर होतं.

भेट द्यायला पुस्तक हवं असेल किंवा माणूस जरा गप्प गप्प वाटला तर एक प्रश्न आधी विचारा, “जड विषय चालेल ना सध्या?” मृत्यूवरची सुंदर कादंबरी चुकीच्या आठवड्यात देणं फार वाईट.

आणि एक वही ठेवा, कुणाला काय दिलं त्याची. पुढच्या वेळी “आवडलं का?” विचारलंत तर लोक तुमच्या भिडेखातर हो म्हणतील, “कुठपर्यंत आलात?” विचारा. सोडून दिलं म्हणाले तर सारवासारव न करता कुठे सोडलं ते लिहून घ्या. माझ्या वहीत एकाच कादंबरीपुढे सहा जणांनी चौथं प्रकरण सांगितलंय, आता ती देताना मी आधीच म्हणतो, चौथ्यात जरा दम धरा, पाचव्यात नवरा घर सोडतो.