कोरियाची शिक्षक फेलोशिप: या चुका टाळा

कोरियाचा इतिहास आणि संस्कृती शिकायला शिक्षकांना तिथे नेणाऱ्या फेलोशिपचे अर्ज ओळखीतली मंडळी पाठवण्याआधी माझ्याकडे वाचायला देतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: ‘मला लहानपणापासून कोरियन संस्कृतीची आवड आहे.’ लहानपणी आपल्याकडे कोरिया म्हणजे फार तर फ्रिजवरचं नाव, हे वाचणाऱ्यालाही कळतं. आवड राहू द्या, वर्ग लिहा. इयत्ता कोणती, धडा कोणता, तिथे काय पाहणार आणि परत आल्यावर ते कोणत्या तासाला शिकवणार?

दुसरी चूक म्हणजे अख्खा कोरिया कवेत घेणं. तिथलं जोसन राजघराणंच १३९२ ते १९१० चाललं. थोड्या दिवसांत तेवढंही मावत नाही. एक धागा धरा. मराठी शिक्षकाला तर तो घरातच सापडतो. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईनात. मग इंचॉनला जहाजाने आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. ‘का येऊ दिलं नसेल?’ एवढंच नववीच्या वर्गात विचारा, तास पुरणार नाही.

अयोध्येची राजकन्या कोरियात राणी झाली, ही कथा लिहिताना मात्र जपून. राणी हो ह्वांग-ओक पहिल्या शतकात ‘आयुता’हून आली, असं ‘साम्गुक युसा’ हा कोरियन ग्रंथ सांगतो. पण तो ग्रंथ तेराव्या शतकातला. आयुता म्हणजे अयोध्याच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दंतकथा म्हणून लिहिलंत तर ती सुंदर आहे. ‘सिद्ध झालं आहे’ म्हणालात, तर इतिहासाचा शिक्षक म्हणून तिथेच गुण गेले.

शिफारसपत्रात ‘सदर शिक्षक कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ आहेत’ एवढंच असेल, तर मुख्याध्यापकांसमोर चहा घेऊन बसा आणि तुमच्या एखाद्या गाजलेल्या तासाची त्यांना आठवण करून द्या.

निवड झाली की चुका बदलतात. मोकळा दिवस मिळाला म्हणून मंगळवारी सोलमधल्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यापाशी जाल आणि बंद दार बघून परताल. चांगदोकगुंग राजवाडा आणि सोदेमुन तुरुंगाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. नेहमीच्या गुगल मॅपवर विसंबू नका, नेव्हर मॅप (Naver) हे कोरियन अ‍ॅप आधीच फोनमध्ये घ्या. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीही सुकटीचं निघतं. बौद्ध मठातलं जेवण शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो.

आणि संग्रहालयात वस्तूचा फोटो काढलात की लगेच तिच्या पाटीचाही काढा. नाहीतर परत आल्यावर मुलं विचारतील, ‘सर, हे भांडं कुठल्या काळातलं?’ आणि तुम्ही फोटो मोठा करकरून बघत बसाल.