चांदीचं पाणी चढवलेल्या इंग्रजी चमच्यांवरचा कारागिराचा ठसा कसा वाचावा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जुना इंग्रजी चमचा, टोस्ट रॅक (भाजलेले पाव उभे ठेवायची चौकट) किंवा चहाची किटली उलटी केल्यावर जी शिक्क्यांची रांग दिसते, तिच्यात कारागिराचं नाव शोधायला जाऊ नका. जे नाव नाही ते एकेक करून खोडा, नाव आपोआप उरतं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले नेमके उलटे असतात. 'ठशाचा फोटो काढा आणि तक्त्यात जुळवा' म्हणे. तक्त्यात शेकडो ठसे, तुमच्याकडे अर्धा झिजलेला एक, आणि माणसाला जे हवं असतं तेच जुळतं.

भिंग दहापट मोठं दाखवणारं घ्या, सराफ वापरतात तसलं. बाकी तयारी काही नाही. मात्र ठसा वाचून होईपर्यंत वस्तू घासू नका. चिंच नको, राख नको, रांगोळी नको, दंतमंजन तर मुळीच नको. चांदीचा थर कागदाहूनही पातळ असतो, आणि ठशाच्या खोबणीत साचलेला काळा मळ ही तुमची शाई आहे. ती धुऊन टाकलीत तर वाचायचं काय?

सराफाकडे नेऊन तेजाबाचा थेंब टाकायचा सल्लाही हमखास मिळतो. वरचा थर चांदीचाच असतो, तेव्हा थेंब 'चांदी' म्हणणारच, आणि डाग मात्र कायमचा राहील. लोहचुंबकही निरुपयोगी. चांदीला तो चिकटत नाही आणि खालच्या निकेल सिल्व्हर या मिश्रधातूलाही नाही.

ठसा कुठे असतो

चमच्या-काट्यांच्या दांडीच्या मागे, किटलीच्या बुडाला, क्रूएटच्या, म्हणजे मीठ-मिरी-तेलाच्या बाटल्यांच्या, चौकटीच्या खाली. सुरीचं वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

आधी ठरवा, अस्सल चांदी की पाणी

इंग्लंडच्या अस्सल चांदीवर चालता सिंह असतो, पुढचा एक पंजा उचललेला. सोबत शहराची खूण असते: लंडनला बिबट्याचं मस्तक, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, शेफील्डला 1773 पासून 1974 पर्यंत मुकुट. सिंह नसेल तर बहुधा पाणीच.

गंमत अशी की पाणी चढवणाऱ्यांना हे शिक्के फार आवडत. म्हणून ते आपली अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत, ढालींत, वळणदार गॉथिक लिपीत ठोकत, आणि लांबून बघणाऱ्याला वाटे, हॉलमार्कच आहे. काही जण तर मुकुटही ठोकत. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनच्या ठशावर मुकुट दिसतो तो याच प्रकारातला. 1840 मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं ते याच घराण्याने, त्यामुळे त्यांचा माल जगभर पसरलेला आहे. पाण्याच्या भांड्यांवरचा मुकुट 1896 मध्ये बंद झाला. मुंबईच्या चोर बाजारात याच मुकुटाला 'राणीचा छाप' म्हणून भाव वाढवून सांगतात. तुम्ही मनात 'चला, 1896 च्या आधीचं दिसतंय' एवढंच म्हणायचं आणि भाव पाण्याचाच द्यायचा.

आता वजाबाकी

कागदावर रांग जशीच्या तशी उतरवा, चौकटींसकट. मग खोडायला लागा.

पहिली खोडायची धातूची अक्षरं. ई-पी-एन-एस म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी शून्य. यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. (आपल्याकडे आजी ज्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणायची ते ॲल्युमिनियम. त्याचा इथे काही संबंध नाही.) ई-पी-बी-एम असेल तर खाली ब्रिटानिया मेटल, म्हणजे मुख्यतः कथील. ते मऊ असतं, त्याला लवकर पोचे पडतात आणि टिचकी मारली तर बद्द वाजतं. नुसतं ई-पी असलं तरी अर्थ तोच, मुलामा.

दुसरी, दर्जाची अक्षरं. ए आणि एक, म्हणजे 'ए-वन'. थर जाड आहे असा कारखान्याचाच दावा, त्यापलीकडे काही नाही. विक्रेता त्याला 'एक नंबर चांदी' म्हणेल. हसा आणि पुढे जा.

तिसरे आकडे. किटलीच्या बुडावरचे चार आकडे हे नमुन्याचा क्रमांक असतात, साल नव्हे. बुडावर 1862 दिसलं म्हणून किटली 1862 ची होत नाही. हे वाक्य मी लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता पाठ झालंय. या चुकीचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे '1847 रॉजर्स ब्रदर्स'. तो माल अमेरिकेतला, आणि 1847 हा ठशाचाच भाग, चमच्याच्या जन्माचं साल नाही. शेफील्डचे जोसेफ रॉजर्स अँड सन्स वेगळे. इंग्रजीत त्यांच्या नावात 'डी' हे अक्षर असतं आणि खूण म्हणून तारा आणि माल्टाचा क्रूस असतो. देवनागरीत दोघंही रॉजर्सच, म्हणून आपल्याकडे घोळ जास्त.

चौथी, मालकाची आणि दुकानदाराची नावं. हॉटेल, रेल्वे, जहाज कंपनी, लष्करी मेस यांची नावं किंवा अक्षरं भांड्यावर कोरलेली किंवा ठोकलेली असतात. वस्तू कुणाच्या टेबलावर होती ते त्यातून कळतं, कुणी घडवली ते नाही. दुकानांचंही तसंच. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने 1891 मध्ये मुंबईत दुकान उघडलं, मद्रासला पी. ऑर अँड सन्स होते. अशी नावं विकणाऱ्याची असतात, आणि घडवणारा बऱ्याचदा बर्मिंगहॅमला किंवा शेफील्डला बसलेला असतो.

पाचवी, मालाची फसवी नावं. 'नेवाडा सिल्व्हर' हे बर्मिंगहॅमच्या डॅनियल अँड आर्टरचं व्यापारी नाव, त्यात नेवाडाही नाही आणि सिल्व्हरही नाही. 'प्रिन्सेस प्लेट' (राजकन्या नव्हे, 'प्रिन्स'ची) मात्र खोडण्याआधी टिपून ठेवा, कारण ते मॅपिन अँड वेबचं आहे आणि त्यावरून थेट घर, म्हणजे घडवणारी पेढी, सापडतं. 'शेफील्ड' हे गावाचं नाव, कारागिराचं नाही.

एवढं खोडल्यावर दोन-तीन अक्षरं आणि एखादं चित्र उरतं. तो तुमचा माणूस.

एच आणि डब्ल्यूचा घोळ

इथे मात्र सावकाश चाला. मी इथेच दोन वर्षं चुकीच्या वाटेवर होतो.

शेफील्डमध्ये तीन मोठी घरं अशी की ज्यांच्या ठशात एच आणि डब्ल्यू दोन्ही येतात. वॉकर अँड हॉल: डब्ल्यू, मग 'अँड'चं वेटोळं, मग एच. विल्यम हटन अँड सन्स: डब्ल्यू, एच, वेटोळं, एस. हेन्री विल्किन्सन अँड कंपनी: एच, डब्ल्यू, वेटोळं, मग कंपनीची अक्षरं. कागदावर फरक स्पष्ट दिसतो. पण शंभर वर्षं घासलेल्या भांड्यावर पहिलं जातं ते वेटोळंच, कारण ते सगळ्यात बारीक. मग उरतात दोन अक्षरं आणि तुमची कल्पनाशक्ती.

चित्रं मदत करतील म्हणाल, तर तीही खोडसाळ. वॉकर अँड हॉलचा झेंडा, निमुळता, आत अक्षरं. हटनचे एकमेकांना छेदणारे बाण. विल्किन्सनच्या एकमेकींना छेदणाऱ्या किल्ल्या. बाण झिजले की फुली, किल्ल्या झिजल्या की फुली!

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक टोस्ट रॅक आणला होता. त्यावर फुली होती, ठसठशीत एच होता, आणि एचच्या दोन्ही बाजूंना काहीतरी होतं. उजवीकडच्या तिरक्या ओरखड्यांत मला डब्ल्यू दिसला. दिसला म्हणजे मी बघितला. फुली म्हणजे किल्ल्या, एच-डब्ल्यू म्हणजे विल्किन्सन, झालं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती विल्किन्सनची गोष्ट ऐकवायचो, तीही भारदस्त आवाजात.

दोन वर्षांनी वीज गेली असताना टॉर्च टेबलावर आडवा पडला होता आणि त्याचा झोत रॅकवरून घसरत गेला. फुलीच्या एका टोकाला बाणाचं अणकुचीदार टोक, दुसऱ्या टोकाला पिसं. एचच्या डावीकडे अर्धा डब्ल्यू. उजवीकडचे ओरखडे हे ओरखडेच. रॅक हटनचा होता.

त्या रात्रीपासून माझे नियम असे. पहिला, उजेड वरून कधीच नाही. खोली अंधारी करा, टॉर्च धातूला जवळजवळ चिकटून आडवा ठेवा आणि टॉर्च न हलवता वस्तू गोल फिरवा. एका बाजूने न दिसणारी रेघ दुसऱ्या बाजूने सावली पाडते. मोबाइलचा फ्लॅश हा या कामाचा शत्रू आहे, तो सगळ्या सावल्या खाऊन टाकतो.

दुसरा, फुली दिसली की मधला छेद बघू नका, टोकं बघा. किल्लीच्या एका टोकाला कडी आणि दुसऱ्याला दाते असतात. बाणाला टोक आणि पिसं. चारही टोकं झिजलेली असतील तर उत्तर 'माहीत नाही' हेच, आणि ते लिहायला लाजू नका.

तिसरा, झेंडा दिसला म्हणून लगेच वॉकर अँड हॉल म्हणू नका. शेफील्डच्याच जेम्स डिक्सन अँड सन्सची खूण तुतारी, आणि तिला पताका लटकते. तुतारी झिजली की उरतो झेंडा. वॉकर-हॉलच्या झेंड्याच्या आत अक्षरं असतात, ती शोधा.

चौथा, वस्तू उलटी धरलेली नाही ना ते बघा. ऐकायला बाळबोध वाटेल, पण डब्ल्यू उलटा केला की एम होतो आणि एच उलटा केला तरी एचच राहतो. म्हणजे वॉकर अँड हॉल उलटं वाचलं तर एच-अँड-एम. या नावाचं घर शोधण्यात एका ओळखीच्या गृहस्थांचे तीन रविवार गेले.

आणि पाचवा, यावर मी कुणाशी वाद घालत नाही: ठशावर पातळ ट्रेसिंग पेपर धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा आणि वाचायच्या आधी तो कागद अशा कुणाला तरी दाखवा ज्याला यातलं काही कळत नाही. माझ्या घरी हे काम भाची करते. तिला विल्किन्सन ठाऊक नाही, हटन ठाऊक नाही, त्यामुळे तिला जे दिसतं तेच ती सांगते.

साल

हे सोपं आहे, आणि नेमकं साल मिळण्याची हाव नसेल तर आणखी सोपं. पत्त्यांतल्या चौकटाच्या आकाराची, कोपऱ्यांत अक्षरं असलेली खूण असेल तर नमुन्याची नोंदणी 1842 ते 1883 मधली, आणि माथ्यावरच्या वर्तुळातला रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. 1884 पासून 'आर-डी' (म्हणजे रजिस्टर्ड) आणि सरळ क्रमांक सुरू झाले. 1900 उजाडलं तेव्हा ते साडेतीन लाखांच्या पुढे गेले होते. दोन्हींत नमुना नोंदवल्याचं साल कळतं. तोच नमुना पुढे वीस वर्षंही बनत राहिलेला असू शकतो. एल्किंग्टनने वेगळ्या चौकटीत सालाचं अक्षर ठोकलेलं असतं, पण तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा अक्षराइतकाच चौकटीचा आकारही उतरवून घ्या. ठशात एल्किंग्टनसोबत त्यांचा भागीदार मेसनचा एम असेल तर माल 1861 मध्ये ती भागीदारी मोडली त्याच्या आधीचा.

कडांवर तांबूस रंग डोकावत असेल तर विजेच्या आधीची जुनी शेफील्ड प्लेट असेल असं वाटून छाती धडधडते. तांब्यावर चांदीचा पत्रा वितळवून चिकटवायची ही युक्ती शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरला 1743 च्या सुमारास सापडली. पण विजेचा मुलामाही तांब्यावर देतात, त्यामुळे नुसत्या तांबूसपणावर जाऊ नका. जुन्या मालावर ठसे कमीच. 1784 च्या ठसे-नोंदणीच्या कायद्यानंतर काहींनी नोंदवले, त्यांतला बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचा दोन सूर्यांचा ठसा ओळखायला सोपा. आणि भांड्यावर 'शेफील्ड प्लेट' अशी अक्षरं ठोकलेली असतील तर ते भांडं जुनी शेफील्ड प्लेट नाही. जुन्या लोकांना तसं लिहायची गरजच नव्हती.

राहिली सुरी. पात्यावरचं नाव पातं करणाऱ्याचं. मूठ दुसऱ्याची असू शकते, मुठीचं कडं तिसऱ्याचं, आणि कधी कधी ते एवढंसं कडं अस्सल चांदीचं निघतं, सिंहासकट. म्हणून सुऱ्यांचा डबा घेताना आधी कडी बघा, पात्यावरचं नाव नंतर वाचा.