पार्किन्सन्स: उंबऱ्याशी पाय अडले तर

हॉलमधून बरे चालत आलेले आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि पाय फरशीला चिकटल्यासारखे खिळतात. पायांतली ताकद गेलेली नसते. पावलामागून पाऊल आपोआप पडावं म्हणून मेंदूतल्या बेसल गँग्लिया या भागाकडून जो इशारा लागतो, तो पार्किन्सन्समध्ये डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्याने वेळेवर मिळत नाही. हा इशारा बाहेरून देता येतो, डोळ्यांना रेघ दाखवून किंवा कानाला ताल देऊन.

पाय अडले की हात धरून ओढू नका. धड पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. ‘चला, चला’ म्हणून घाई केली तर पाय आणखीच अडतात. आधी पूर्ण थांबू द्या. टाचा टेकलेल्या, मान वर. मग वजन उजव्या-डाव्या पायावर दोन-तीनदा आलटून पालटून घ्यायला सांगा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत तीनला मोठं पाऊल टाकायला लावा. तुम्ही बाजूला राहा, समोर नको.

रोज एकाच जागी अडत असेल तर तिथे फरशीवर चिकटपट्ट्या लावा. चालण्याच्या दिशेला आडव्या, साधारण ४० ते ५० सेंटीमीटर अंतरावर. नेमकं अंतर त्यांच्या पावलाप्रमाणे. दाराच्या मीटरभर आधीपासून पलीकडेपर्यंत न्या, दारातच तोडू नका. पेठेतल्या जुन्या घरातल्या काळपट शहाबादीवर पांढरी पट्टी उठून दिसते, नव्या फ्लॅटच्या पांढऱ्या टाइल्सवर लाल किंवा काळी. कड सुटलेली पट्टी लगेच बदला, तिच्यातच पाय अडकतो. दारातलं पायपुसणं काढूनच टाका.

वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घेत वळायचं. हातात चहाचा कप नको, आणि त्या क्षणी आपणही प्रश्न विचारू नयेत.

आठवडाभर गोळीची वेळ आणि पाय अडल्याची वेळ शेजारीशेजारी लिहा. गोळीचा असर उतरल्यावरच अडत असेल तर डोस किंवा वेळा बदलून फरक पडू शकतो, म्हणून ही वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. लेव्होडोपा, म्हणजे डोपामाइनची उणीव भरून काढणारी पार्किन्सन्सची गोळी, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ, दूध, पनीरमधली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. मळमळत असेल तर काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा. गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं आहे. उलटीसाठी कुणी मेटोक्लोप्रामाइड लिहून देत असेल तर पार्किन्सन्स असल्याचं आधी सांगा. ते औषध मेंदूत डोपामाइनलाच अडवतं.