नाल्यात केमिकलचं पाणी सोडतायत, तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची

पाण्याला फेस आला, मासे मेले की आपण ग्रुपवर फोटो टाकतो आणि विषय तिथेच थांबतो. राज्य सरकारची यंत्रणा आहे, फक्त ती एका ऑफिसात नाहीये म्हणून आधी खातं ओळखा. वाळूउपसा असेल तर तहसीलदार, शहरातलं झाड तोडत असतील तर पालिकेचं वृक्ष प्राधिकरण, घरांचा कचरा टाकतायत किंवा जाळतायत तर पालिका नाहीतर ग्रामपंचायत. आणि कारखान्याचं सांडपाणी म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

हे शेवटचं सगळ्यात किचकट आहे. बरेच जण बाटलीत पाणी भरून प्रायव्हेट लॅबमधून टेस्ट करून आणतात, तिथे पैसे घालवू नका. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम २१ आहे, त्यात कंपनीला नोटीस देऊन नमुना कसा घ्यायचा, सील कसा करायचा हे ठरलेलं आहे, आणि मंडळाच्या अधिकाऱ्यानेसुद्धा ते पाळलं नाही तर रिपोर्ट पुरावा म्हणून धरत नाहीत, मग आपल्या बाटलीचं काय! म्हणून आपलं खरं काम एकच, पाणी वाहत असताना अधिकारी तिथे पोचला पाहिजे. त्यासाठी थोडे दिवस वेळा लिहून ठेवा, रात्री सोडतात का, पाऊस सुरू झाला की सोडतात का, पाइप नेमका कुठे उघडतो, वास कसला येतो. हे सगळं लोकेशन आणि फोटोसकट मंडळाच्या उप-प्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावाने द्या, ईमेल करा आणि कागदही नेऊन द्या, पोच घ्या, त्यावर आवक नंबर पाहिजेच, त्याच्याशिवाय पुढे काही हलत नाही. कंपनी कोणती याची खात्री नसेल तर नाव लिहू नका, जागा लिहा.

काहीच झालं नाही तर माहिती अधिकार टाका, १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. आपल्याकडे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा असतो म्हणून थेट मागा: पाहणी अहवाल, नमुन्याचा रिपोर्ट, कंपनीला दिलेली नोटीस आणि संमतीपत्राची, म्हणजे मंडळाने कंपनीला दिलेल्या परवानगीची, प्रत. संमतीपत्र नीट वाचा बरं का, किती पाणी सोडायची परवानगी आहे आणि ते किती स्वच्छ करून सोडायचं हे त्यातच लिहिलेलं असतं.

तरीही ढिम्म असतील तर पुण्यातलं हरित न्यायाधिकरण (NGT, पर्यावरणाच्या खटल्यांचं खास कोर्ट) आहे, वकील न लावता स्वतःही उभं राहता येतं. पण प्रकार पहिल्यांदा सुरू झाल्यापासून साधारण ६ महिन्यांत जावं लागतं, त्यामुळे पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवाच आणि मंडळाच्या उत्तराची वाट बघत ही मुदत घालवू नका.