किरणोत्सारी पदार्थांच्या परवान्याचे नूतनीकरण : माझा अनुभव

आमच्या प्रयोगशाळेच्या फॉस्फरस-३२ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या वापराच्या परवान्याचे नूतनीकरण एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीवर अडले होते, कारण किरणोत्सार सुरक्षा अधिकारी नोकरी सोडून गेले होते. म्हणून पात्र सहकाऱ्याच्या नावाला त्या पदासाठी आधी मान्यता मिळवली आणि मगच मूळ अर्जाला हात घातला. किरणोत्सार मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि टीएलडी बॅजच्या (प्रत्येक कर्मचाऱ्याला मिळालेली किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या बिल्ल्यांच्या) नोंदी तयार होत्याच. खरा वेळ खाल्ला तो साठ्याच्या नोंदवहीने. या समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल (सक्रियता, म्हणजे किरणोत्साराचे प्रमाण, निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे १४.३ दिवसांचा असल्याने १० अर्धायुष्यांनंतर, म्हणजे जवळपास १४३ दिवसांनी, मूळ सक्रियतेचा हजारावा भागच उरतो. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच्या पेटीतील प्रत्येक जुन्या कुपीची आजची सक्रियता काढून ती नोंदवहीशी ताडून पाहिली. (पेटी शिशाची का नाही, तर फॉस्फरस-३२ च्या बीटा कणांमुळे शिशात क्ष-किरण निर्माण होतात, हे लेखा विभागाला समजावणे निराळेच प्रकरण होते.) ताळा जुळल्यावरच अर्ज दाखल केला आणि परवाना मिळाला.