खान्देशात लाईनस्टाफच्या सुरक्षा साधनांसाठी परिमंडळभर मोहीम कशी चालवावी

महावितरणच्या जळगाव परिमंडळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तीन मंडळं येतात. रावेरच्या केळीबागांमधली शेतीची लाईन आणि धडगावच्या डोंगरातली लाईन, दोन्ही एकाच परिमंडळाच्या कारभारात. त्यामुळे लाईनस्टाफच्या, म्हणजे खांबावर आणि तारांवर काम करणाऱ्यांच्या, सुरक्षा साधनांची मागणी संघटनेला शेवटी परिमंडळ कार्यालयातच न्यावी लागते. तिथे नुसतं ‘साधनं मिळत नाहीत’ म्हणत गेलं की ‘कुठे मिळत नाहीत, नावं द्या’ एवढ्यावर बोलणं थांबतं. म्हणून सगळ्यात आधी मोजणी.

मोजणी शाखेत, हातात साधन घेऊन

प्रत्येक शाखा कार्यालयासाठी एकच पानाचा तक्ता करा. वर शाखा, उपविभाग, तारीख. खाली लाईनवर जाणाऱ्या प्रत्येकाची ओळ: कायम तंत्रज्ञ, विद्युत सहाय्यक, बाह्यस्रोत (कंत्राटी) कर्मचारी, सगळे. बाह्यस्रोतवाल्यांना वगळलेला तक्ता अपुरा समजा, कारण खांबावर तेही चढतात. रकाने मोजकेच ठेवा: हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, हातमोजे, बूट, टेस्टर. शाखेला सामाईक मिळणारे डिस्चार्ज रॉड (बंद लाईन जमिनीला जोडणारे दांडे) आणि शिडी वेगळ्या चौकटीत.

‘आहे / नाही’ एवढंच लिहून भागत नाही. ‘आहे, पण निकामी’ हा तिसरा पर्याय हवाच. खरी माहिती बहुतेक तिथेच सापडते. तपासणी अशी करा:

रबरी हातमोज्यावर तो किती व्होल्टसाठी आहे आणि कधी बनला, ते छापलेलं असतं. दोन्ही गोष्टी तक्त्यात लिहून घ्या. मनगटाकडची कड घट्ट धरून बोटांच्या दिशेने गुंडाळत जा, आत हवा कोंडली जाते. मग मोजा गालाजवळ धरून दाबा. बारीक छिद्र असेल तर हवेची झुळूक गालाला कळते. बोटांच्या बेचक्यात रबर ताणून पाहा, तडे असतील तर तिथेच दिसतात. मोटारसायकलच्या डिकीत पक्कड-स्क्रू ड्रायव्हरसोबत ठेवलेला मोजा आपल्याकडच्या मे महिन्यात फार टिकत नाही, उष्णतेने रबर कडक होतं. म्हणून मोजा कुठे ठेवला जातो हेही लिहा; साठवणीसाठी पिशवी मिळावी ही वेगळी मागणी त्यातून निघते.

डिस्चार्ज रॉडचा हिशेब नीट करा. अकरा केव्हीच्या थ्री फेज लाईनवर काम करताना कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवं, म्हणजे तीन-तीन असे सहा रॉड. शाखेत एकच तिकडी असेल तर ती ‘आहे’ या रकान्यात लिहू नका, ‘अपुरी’ लिहा. लाईन बंद करूनही धोका उरतो तो इथे: एखाद्या दुकानाचा जनरेटर किंवा चुकीने जोडलेला इन्व्हर्टर डीपीतून उलटा दाब चढवतो, नाहीतर वरून ओलांडणारी दुसरी लाईन तुटून पडते. रॉडची अर्थ वायर सलग आहे का, क्लॅम्पची स्प्रिंग पकडते का, दांड्याला चीर आहे का, तिन्ही बघा. अर्थचं टोक आधी जमिनीकडे जोडायचं, मग हूक लाईनला, काढताना उलट. हे माहीत नसलेला नवा सहाय्यक भेटला तर तक्ता बाजूला ठेवून आधी त्याला ते करून दाखवा.

तक्त्यावर भरणाऱ्याची सही घ्या, पण शाखेबाहेर जाणाऱ्या एकत्रित यादीत व्यक्तींची नावं नकोत, आकडेच द्या. नावं बाहेर पडली की पुढच्या वर्षी कुणी खरं सांगत नाही.

वेळापत्रक

साधनं हातात पडायला हवीत ती मेअखेर. मान्सूनपूर्व कामं त्याआधी चालतात आणि जूनच्या वादळात खांब आडवे होतात तेव्हा सगळ्यात घाईची, सगळ्यात धोक्याची कामं निघतात. खरेदीला आणि वाटपाला महिने जातात, म्हणून मोजणी डिसेंबर-जानेवारीत उरका आणि निवेदन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्या. मार्चमध्ये सभा ठेवू नका. थकबाकी वसुलीसाठी सगळा स्टाफ गावोगाव फिरत असतो. शिवाय होळीच्या दिवसांत अक्कलकुवा-धडगावकडे काठी गावच्या होळीमुळे कुणी मोकळं नसतं. एप्रिल-मेमध्ये आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस सोडा. काही कारणाने मोहीम श्रावणात लांबलीच तर नागपंचमीनंतरचा कानबाईच्या सणाचा रविवार-सोमवारही टाळा.

फिरणं आणि द्वारसभा

सगळ्यांना जळगावला बोलावण्याचा मोह आवरा. भुसावळ–सुरत रेल्वेमार्गावरच्या अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबारच्या लोकांना गाडी मिळते. धुळे त्या मार्गावर नाही, ते चाळीसगावच्या फाट्यावर आहे. आणि धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत रेल्वे नाहीच. तिथल्या माणसाला जळगावच्या एका तासाच्या सभेसाठी अख्खा दिवस आणि एक रजा घालवावी लागते. पदाधिकाऱ्यांनी तिकडे जावं. दौरा सातपुड्याकडून सुरू करून जळगावला संपवा. उलटा केला की शेवटची टोकं ‘पुढच्या वेळी’वर जातात.

द्वारसभा, म्हणजे शाखेच्या दारातली सभा, कामावर निघण्याआधी घ्या आणि वीस मिनिटांत संपवा. त्या शाखेचा तक्ता वाचून दाखवला की भाषण फारसं लागत नाही. धुळे-अमळनेर-शिंदखेडा पट्ट्यात अहिराणीत बोला. ‘हातमोजा भेटनात का?’ एवढं विचारलं तरी मागे उभा असलेला माणूस पुढे येतो. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिलोरी-पावरी, तिथे त्याच शाखेतला कर्मचारी बोलू द्या.

उपकेंद्रातले यंत्रचालक पाळीत असतात, सकाळच्या सभेला त्यांच्यातले थोडेच येतात. परमिट (लाईन बंद केल्याची, कामासाठीची परवानगी) देणारे हात त्यांचेच, त्यामुळे ते मोहिमेबाहेर राहिले तर पुढची पायरी जमत नाही. पाळी बदलायच्या वेळी उपकेंद्रावर जा: एक पाळी सुटत असते, दुसरी येत असते, दोन्ही भेटतात.

निवेदन, पोच, माहिती अधिकार

निवेदन दोन पानांचं, सोबत शाखानिहाय तक्ता. एक प्रत मुख्य अभियंत्यांना, एकेक तिन्ही अधीक्षक अभियंत्यांना. पोचप्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. इतर संघटनांच्या सह्या घ्या. वीज कर्मचारी, अधिकारी, अभियंता संघर्ष समितीने जानेवारी २०२३ मध्ये समांतर वीज परवान्याविरुद्ध (महावितरणच्याच भागात खासगी कंपनीला वितरणाचा परवाना) ७२ तासांचा संप पुकारला, तेव्हा पहिल्याच दिवशी, ४ जानेवारीला, ऊर्जामंत्र्यांसोबत बैठक झाली आणि संप मागे घेतला गेला. एकेकट्या संघटनेला असा प्रतिसाद क्वचितच मिळतो.

सोबतच माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मागच्या तीन वर्षांत उपविभागनिहाय किती साधनं वाटली, तारखांसह. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मुदत ३० दिवस. मिळालेला आकडा आणि तुमचा तक्ता शेजारी ठेवले की बोलणी भक्कम होतात.

नियमाप्रमाणे काम

निवेदनाला उत्तर नसेल तर काळ्या फिती, आणि त्यासोबत परमिटशिवाय खांबावर न चढणं. याला ताकद आहे, कारण मागणी आणि कृती एकच आहेत. परमिट रजिस्टरमध्ये नोंद, जागेवर टेस्टरने खात्री, दोन्ही बाजूंना रॉड, मगच काम. साधन नसेल तर ‘अमुक साधन उपलब्ध नसल्याने काम सुरक्षितपणे करता येत नाही’ असं लेखी किंवा निदान शाखा अभियंत्याच्या मोबाईलवर लिहून पाठवा. सीमारेषा मात्र ओळखा. मुद्दाम संथगतीने काम, घेराव आणि अधिकाऱ्याच्या घरासमोर निदर्शनं, ही तिन्ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरतात. दवाखाना, पाणीपुरवठा यांच्या लाईनचं काम आधी घ्या. गावकरी विरोधात गेले की मोहीम तिथेच अडते.

धरणे

पोलीस ठाण्याला किमान आठवडाभर आधी पत्र: जागा, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक, जबाबदार दोन माणसांचे नंबर. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) खालचा मनाई आदेश त्या तारखांना लागू आहे का ते पाहा. असेल तर लेखी परवानगी हातात असल्याशिवाय बसू नका. धुळ्यात क्युमाईन क्लबजवळची जागा सगळ्यांना माहीत आहे.

एप्रिलमध्ये धरणे सकाळी १० ते १ एवढंच ठेवा. १०० माणसांना माणशी अडीच लिटर धरलं तर २५० लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचे १३ जार. ओआरएसची पाकिटं आणि मंडप लागतोच. सावलीशिवाय माणसं बाराच्या आत पांगतात.

संपाची नोटीस

ही पायरी स्थानिक पातळीवर ठरवू नका, राज्य कार्यकारिणीशी बोलूनच. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही, आणि नोटीस ६० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. समेटाची कार्यवाही सुरू असताना आणि ती संपल्यावर सात दिवसही संप बेकायदा. जुन्या सवयीने ‘सामूहिक रजा टाकू’ म्हणणाऱ्यांना सांगा: एकाच दिवशी निम्मे किंवा जास्त कामगार किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपात कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यावर मेस्मा (राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा) लागू होऊ शकतो.

बैठक झाल्यावर

तोंडी आश्वासनावर मंडप काढू नका. इतिवृत्तात तीन गोष्टी मागा: कोणतं साधन किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याची जबाबदारी. ‘लवकरात लवकर’ आणि ‘उपलब्धतेनुसार’ हे शब्द खोडून घ्या. माल आला की स्टोअरमध्ये पाहून समाधान मानू नका. त्याच तक्त्यावर नवा रकाना काढा आणि अक्कलकुव्यापासून पुन्हा मोजायला लागा.